वारशाची बंदूक चकाकवण्यापूर्वी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आजोबांची दुनळी बंदूक रीतसर परवान्यासह माझ्याकडे आली, तेव्हा पंचवटीतल्या आमच्या घरात पहिली सूचना निघाली ती तिला ‘नव्यासारखी’ करून घेण्याची. मी नकार दिला, आणि दसऱ्याच्या शस्त्रपूजनाआधी अशाच विचारात असणाऱ्या वाचकांसाठी त्याची कारणे मांडतो.

नळीवरचा निळसर-काळा थर हा रंग नसून पोलादाचे जाणीवपूर्वक घडवलेले गंजणेच असते. तो पुन्हा चढवण्यासाठी आधी नळी घासावी लागते, आणि त्या घासण्यात कारखान्याचे शिक्के, नक्षी आणि क्रमांक पुसट होतात. क्रमांक पुसणे किंवा बदलणे हा तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय जुन्या दुनळीच्या दोन नळ्या बहुधा डाख देऊन जोडलेल्या असतात. आजच्या उकळत्या क्षारांच्या प्रक्रियेत तो डाख कमजोर होतो. म्हणजे बाहेरून झळाळी आणि आतून सांधा सैल!

ताजा लाल गंज मात्र तसाच सोडू नये. हलके तेल लावून मऊ कापडाने तो हळूहळू पुसता येतो आणि अक्रोडाच्या दस्त्याला जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरतो. पूजेतील ओले हळद-कुंकू व फुले त्याच दिवशी पुसून काढावीत, कारण आमच्या नळीवरचे डाग तिथलेच आहेत. खड्डे खोल असतील, तर परवानाधारक कारागिरालाच दाखवावे.

दस्त्यावर आजोबांच्या गालाने गुळगुळीत झालेली जागा आहे. ती मी घासू देणार नाही.

आपला,
एक वाचक, नाशिक