बाजेवरचा माणूस

प्रिय आई-बाबा,

सप्रेम जय ख्रिस्त.

आधी कबुली देते. 'पाय जरा मुरगळलाय' असं मी फोनवर म्हटलं ते खोटं होतं. घोट्याचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते, ते परवा निघालं. उगाच काळजी नको म्हणून लपवलं. आणि आई, ही सवय मी कुणाकडून घेतली ते तुला माहीत आहे. बाबा स्टुलावर चढून बल्ब बदलताना पडता पडता वाचले, हे मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही तुझ्या तोंडून चुकून निसटलं म्हणून.

मी बाथरूममध्ये घसरले. रांगत दारापर्यंत आले आणि समोरच्या ताईंना हाक मारली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ताईंनी प्लास्टिकची खुर्ची आणली, मला तिच्यात बसवलं आणि माणसं गोळा केली. खुर्चीच्या चार पायांना चार जण होते: ताई, त्यांचे यजमान, खालचे निवृत्त काका आणि वरच्या मजल्यावरचा तो मुलगा, ज्याच्याशी रात्रीच्या गाण्यांवरून मी दोनदा भांडले होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली. कुणाला कळेना का. शेवटी तो मुलगाच म्हणाला, "ताई, कठडा सोडा. आम्ही धरलंय." मी इतका वेळ डाव्या हाताने कठडा घट्ट पकडून बसले होते.

दवाखान्यात एक्स-रेची वाट बघताना मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आठवला. कफर्णहूमातला तो पक्षघाती, त्याची बाज उचलणारे चौघे आणि त्याला येशूपुढे खाली सोडायला त्यांनी उस्तरलेलं छप्पर. संडेस्कूलमध्ये आम्ही हे नाटक केलं होतं तेव्हा मला छप्पर उस्तरणाऱ्याचंच काम हवं होतं. बाजेवर पडून राहायला कुणीच तयार नव्हतं. पण येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं तिथे लिहिलंय. त्या आजारी माणसाने तोवर एक शब्दही उच्चारलेला नाही. माझे चौघे तर ख्रिस्ती नाहीत. मग त्यांचा विश्वास म्हणजे काय म्हणायचं, हे पाळकांना विचारायला हवं; माझी अक्कल तेवढी चालत नाही. पण त्या दिवशी मला खाली नेलं ते त्यांनीच.

आणि योहानाच्या पाचव्या अध्यायातला, बेथेस्दा तळ्याकाठचा तो दुसरा माणूस आठवा. अडतीस वर्षं आजारी. त्याची तक्रार दुखण्याची नव्हतीच. पाणी हललं की आधी उतरेल तो बरा होतो, अशी समजूत; आणि पाणी हलतं तेव्हा मला तळ्यात सोडायला कुणी माणूस नाही, एवढंच त्याचं म्हणणं. एकाला चौघे होते, दुसऱ्याला एकही नाही.

बाबा, तुम्हाला इतिहासाची आवड, म्हणून हे लिहिते. रोमन बादशहा जुलियन हा ख्रिस्ती धर्माचा विरोधक. 362 साली त्याने आपल्या एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात कुरकुर आहे, की हे गालीली लोक, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःच्या गरिबांना पोसतात ते पोसतात, वर आमच्याही गरिबांना पोसतात. आपलं घर त्या परंपरेतलं आहे, हे मला लहानपणापासून दिसत आलंय. कुणाच्या घरी आजारपण असलं की तुम्ही रात्री जागायला जायचात, आई कुणाकुणाची मुलं सांभाळायची. पण आपल्याकडे कधी कोण आलं? आईच्या ऑपरेशनच्या वेळी शेजारच्यांनी 'आम्ही थांबू का' विचारलं, तर तुम्ही दारातूनच 'नको, नको, सगळं व्यवस्थित आहे' म्हणालात. पेत्रासारखं! येशू शिष्यांचे पाय धुवायला लागला तेव्हा तोही प्रभूला म्हणाला होता, माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत. धाकट्या तोंडी मोठा घास घेते आहे, पण मला त्यात नम्रतेपेक्षा हट्ट जास्त दिसतो.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, म्हणजे लुटलेल्या जखमी माणसाला परक्या समाजातल्या शोमरोन्याने वाचवलं त्या गोष्टीत, आपण नेहमी शोमरोनी होऊन बसतो. शास्त्र्याने विचारलं, माझा शेजारी कोण? येशूने प्रश्नच उलटवला: लुटारूंच्या हाती सापडलेल्याचा शेजारी कोण झाला? म्हणजे बघायचं ते रस्त्याच्या कडेला पडलेल्याच्या नजरेतून. आणि त्या जखमी माणसाला 'हा नको, आपला कुणी येऊ दे' म्हणायची सोय नव्हती. मलाही नव्हती.

सहा आठवडे ताईंकडे माझ्या घराची किल्ली होती. पहिल्या आठवड्यात त्या आत आल्या की मला लाज वाटायची, कारण पसारा, न विंचरलेले केस, सगळं त्यांना दिसायचं. तिसऱ्या आठवड्यात त्या माझ्या पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या मुलाच्या नोकरीचं सांगताना रडल्या. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करू का, असं विचारलं. हो म्हणाल्या. इतकी वर्षं समोरासमोर राहून हे मी कधी विचारलं नव्हतं. वरच्या मुलाची गाणी अजून चालू असतात, आवाज तेवढाच. मी आता भांडत नाही. कधीकधी उशी कानावर घेते.

तर बाबा, माझी एक विनंती आहे. घराची एक किल्ली शेजारी द्या. मी त्यांच्याशी फोनवर बोलले आहे, रागावू नका. ते लगेच हो म्हणाले; वर म्हणाले, 'आम्ही कधीचे म्हणतोय.' आणि रात्री आतून कडी लावू नका, नुसतं कुलूप पुरे. कडी लावलीत तर त्या किल्लीने दार उघडायचं नाही.

तुमची,
बेबी