काकू, तुमच्या कागदांवर आमचं घर जेवलं

तीर्थस्वरूप काकू,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही केलंत ते आमच्या घरापुरतं ठेवावंसं वाटत नाही.

हिच्या पायाचं ऑपरेशन झालं आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. शेजारपाजारच्यांनी डबे दिले, ते उपकार आहेतच. तुम्ही मात्र डब्यासोबत एकेक कागद देऊ लागलात. जुन्या वहीचं फाडलेलं पान, निळं बॉलपेन, वर नुसता वार.

पहिल्या कागदावर पदार्थ नव्हताच. सोमवार सकाळचा क्रम होता. ‘डाळ-तांदूळ धुऊन कुकर लाव. लगेच कणीक भिजव, ती मुरेपर्यंत भाजी चिरून होते. दुसऱ्या शेगडीवर भाजी टाक. कुकरची वाफ जिरली की त्या शेगडीवर आमटी, आणि भाजी उतरली की तवा.’ पाककृती लिहिणारे एकेक पदार्थ सांगतात. घरात मात्र वरण, भात, भाजी, पोळी सगळं दोन शेगड्यांवर, एकाच माणसानं, मुलांची शाळेची वेळ गाठून करायचं असतं. ते कसं बसवायचं हे कुणी लिहिलेलं मी तोवर वाचलं नव्हतं.

मापांचंही तसंच. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापं दिली, ते पुस्तक तुमच्या फडताळात आहे. पण तुम्ही वर आलात, आमच्या सगळ्या वाट्या ओट्यावर मांडल्यात, पाणी ओतून पाहिलंत आणि त्यातली एक निवडून तिच्या बुडाला हिच्या नेलपॉलिशचा ठिपका दिलात. ‘मी वाटी म्हणेन तेव्हा हीच.’ ‘चवीनुसार मीठ’ तुम्ही एकदाही लिहिलं नाहीत. चौघांच्या भाजीला पाऊण चमचा, मग चाखून वाढव, असं लिहिलंत. सुरुवात कुठून करायची ते कळल्याशिवाय चाखून तरी काय समजणार?

होळीच्या आधी पुरणाचा कागद आला. एक वाटी हरभऱ्याची डाळ, एक वाटी गूळ. डाळ बोटानं चेपली की पीठ व्हायला हवी. कट काढून आमटीला ठेव. आणि मग ते वाक्य: ‘गूळ घातलास की सगळं आधी पातळ होईल, घाबरू नकोस, ढवळत राहा, उलथनं मधोमध उभं राहिलं की गॅस बंद.’ उलथन्याची खूण पुष्कळांना ठाऊक असते. आधी पातळ होईल, हे मात्र जाणत्याला लिहावंसंच वाटत नाही, आणि नवख्याचा धीर नेमका तिथे सुटतो. तुम्हाला ते आठवलं, काकू. माझ्या मते स्वयंपाकावर लिहिणाऱ्याची खरी परीक्षा हीच.

कारणंही तुम्ही सोप्या शब्दांत दिलीत. आंबटात डाळ शिजत नाही, म्हणून चिंच-आमसूल नंतर. नवा तांदूळ पाणी कमी पितो, म्हणून पोतं बदललं की माप बदल. थालिपिठाच्या भाजणीतली ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ वेगवेगळी भाज, कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते. कारण कळलं की माणूस कागदावाचूनही करू शकतो. कोथिंबीर नसेल, खोबरं संपलं असेल तर काय, हेही समासात असायचं. त्यामुळे एखादी वस्तू नाही म्हणून आमचं जेवण कधी अडलं नाही.

आता ही बरी आहे. तरी सकाळचा स्वयंपाक मीच करतो, आवडीनं करतो. धाकटीला तुमचं वरण ओळखता येतं. हिंग जरा कमी पडला तरी विचारते. भाची नोकरीसाठी बंगळूरला निघाली, तेव्हा सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून दिल्या आणि तिच्याही एका वाटीला ठिपका दिला.

तुम्ही मुलाकडे बडोद्याला गेलात, पण एक कागद राहिलाय. गोड्या मसाल्याचा. दगडफूल आणि नागकेशर किती, आणि तीळ-खोबरं कोणत्या रंगावर काढायचं, एवढं जमेल तेव्हा लिहून पाठवा. धणे आणून उन्हात घातलेत.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा