तबकडी, फुगा आणि लाडबोरीची रिंग

संपादक साहेब, नमस्कार.

माझा भाचा टेक्सासला असतो, सॉफ्टवेअरवाला, शिकलेला पोरगा, दिवाळीत नागपूरला आला तर चिवडा खाता खाता म्हणे, मामा अमेरिकन सरकारनं परग्रहावरच्या तबकड्या लपवून ठेवल्यात. आम्ही सगळे हसलो. मग मी थोडं वाचलं आणि आता वाटतं पोरगं काही तेवढं येडं नाही.

१९४७ ला न्यू मेक्सिकोत रॉसवेलजवळ काहीतरी पडलं, तर तबकडी सापडली हे आधी लष्करानंच सांगितलं बाप्पा, आणि लगेच म्हणे छे छे, हवामानाचा फुगा होता. रशियाच्या अणुचाचण्यांचा कानोसा घ्यायला उंच सोडलेले मोगल नावाच्या गुप्त प्रोजेक्टचे फुगे होते ते, हे हवाई दलानं सांगितलं १९९४ ला. सत्तेचाळीस वर्षांनी! नेवाडातल्या एरिया ५१ या गुप्त तळाचं पण तेच, १९५५ पासून तिथून यू-२ हेरगिरी विमानं ६० हजार फुटांच्या वर उडायची, खाली प्रवासी विमानातल्या पायलटला वर काहीतरी चमकताना दिसायचं आणि सरकारला खरं सांगायची सोय नाही. तो तळ आहे हे सीआयएच्या कागदात उघडपणे आलं २०१३ ला. अमेरिकेतल्याच टस्कीगी गावात तर १९३२ ते १९७२ सिफिलिस झालेल्या काळ्या माणसांना उपचार न देता सरकारी डॉक्टर नुसतं पाहत बसले, पेनिसिलिन आल्यावर पण. आता त्यांच्या नातवंडांनी सरकारी डॉक्टरवर विश्वास काहून ठेवावा?

आपल्याकडे २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी, आभाळातून जळत्या रेघा गेल्या, आम्ही गच्चीवरून पाहिल्या, कोणी उल्का म्हणे कोणी विमान. चंद्रपूरकडे लाडबोरीला धातूची भली मोठी रिंग पडली, लोकांनी जवळ जाऊन पाहिली, फोटो काढले, इस्रोवाले येऊन गेले, चिनी रॉकेटचे तुकडे असावेत असं कळलं. आमच्या गल्लीत तरी विषय आठवड्यात संपला.

भाच्याला हे सांगितलं तर म्हणे, मग बाकीच्या फाइली उघडत का नाहीत. मी गप्प.

पण साहेब एक विनंती, तबकडीची बातमी तुम्ही फोटोसकट छापता, तर मार्च २०२४ ला पेंटॅगॉनच्याच, म्हणजे अमेरिकन संरक्षण खात्याच्याच, ऑफिसनं परग्रहाचा काही पुरावा मिळाला नाही असा रिपोर्ट दिला तो पण तेवढ्याच जागेत छापा ना, मला भाच्याला कात्रण पाठवायचंय.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर