अतिदक्षता विभागानेच मुलापर्यंत यावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महामार्गाच्या रखडलेल्या चौपदरीकरणावर आपल्या पानावर पत्रे येतात, ती यायलाच हवीत. पण रस्ता उद्या गुळगुळीत झाला तरी जी अडचण उरणार आहे, तिच्याविषयी मी लिहिते आहे. संगमेश्वर तालुक्यात मी परिचारिका होते, आता निवृत्त आहे.

आमच्याकडे मूल अत्यवस्थ झाले की चिठ्ठी मिळते, 'कोल्हापूरला हलवा'. म्हणजे आंबा घाट. चिपळूणकरांना कुंभार्ली घाटाने कराड, सावंतवाडीकरांना गोव्यातले बांबोळी.

एका पावसाळ्यात चार वर्षांच्या मुलाला झोपेत मण्यार चावली. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सर्पदंशाची लस दिली तरी ते लगेच सुटत नाहीत. तोवर श्वास बाहेरून चालू ठेवला तर मूल वाचते. डॉक्टरांनी श्वासनलिकेत नळी घातली. गाडीत लहान मुलांचा व्हेंटिलेटर नव्हता, म्हणून हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, अंबू बॅग, माझ्या हातात आली. साखरपा सुटल्यावर वळणे लागली. उजव्या हाताने बॅग दाबायची, डाव्या हाताने नळी गालाशी घट्ट धरायची. एवढ्या लहान मुलाची नळी दोन-तीन सेंटीमीटर सरकली तरी बाहेर येऊ शकते, नाहीतर एकाच फुफ्फुसात उतरते. त्याचे वडील मोबाइलचा उजेड छातीवर धरून एकच विचारत होते, "सिस्टर, हलतेय ना?"

मलकापूरच्या पुढे ऑक्सिजनचा काटा लाल पट्ट्यात गेला. लहान सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 10 लिटर सोडला तर अडीच तास, तोही सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर. हा हिशेब निघण्यापूर्वी कोणीच केला नव्हता, मीसुद्धा नाही. कोल्हापूरच्या दारात पहिला प्रश्न आला, "वजन किती?" मुलांचे प्रत्येक औषध वजनावर ठरते आणि चिठ्ठीवर वजनच नव्हते. आम्ही येतोय हेही तिथे कोणी कळवलेले नव्हते. खाट मिळेपर्यंत मी दारातच बॅग दाबत उभी होते.

मुलगा वाचला. पण त्या रात्री त्याच्या आणि मरणाच्या मध्ये थकलेला एक हात होता, याला व्यवस्था म्हणता येणार नाही.

108 ची सेवा 2014 मध्ये आली, तिने असंख्य जीव वाचवले आणि तिच्यातल्या डॉक्टरांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण अत्यवस्थ मुलाला हलवणे हे वेगळे काम आहे. इंग्लंडमध्ये त्यासाठी खास पथके आहेत. मुलांच्या अतिदक्षता विभागातले डॉक्टर आणि नर्स आपला व्हेंटिलेटर, आपले औषधाचे पंप घेऊन लहान रुग्णालयात येतात, मूल आधी तिथेच स्थिर करतात आणि मगच गाडी हलवतात. अशा पथकांनी नेलेल्या मुलांमध्ये मृत्यू कमी होतात, हे तिथल्या 2010 च्या अभ्यासात दिसले आहे. उपचार मुलापर्यंत गेला की काय होते, हे कोकणाला नवे नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनची साधी गोळी वापरून दाखवली आणि लाल विंचू चावलेली कितीतरी मुले गावाजवळच बरी होऊ लागली.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे प्रत्येकी असे एक पथक, मुलांच्या मापाची साधने असलेली एक गाडी आणि रात्रीही उचलला जाणारा एक फोन, एवढी मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरावी. तोवर रुग्णालयांनी एक तरी करावे. मुलाचे वजन, श्वासाची नळी किती आत आहे हे सांगणारा, ओठापाशी नळीवर दिसणारा आकडा आणि पुढच्या रुग्णालयात ज्यांच्याशी बोलणे झाले त्या डॉक्टरांचे नाव, हे चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर सोडू नये.

एक निवृत्त परिचारिका, देवरुख