अभिलेखागारात जाण्यापूर्वी

महोदय,

पदवीच्या प्रकल्पासाठी आपल्याकडचे विद्यार्थी हमखास सोलापुरातील १९३० च्या मार्शल लॉचा, म्हणजे लष्करी अमलाचा, विषय घेतात. विषय उत्तमच, तयारी मात्र नसते. त्या काळातील मुंबई सरकारच्या गृह खात्याची कागदपत्रे मुंबईच्या राज्य अभिलेखागारात आहेत. इंग्रजी सूचीत सोलापूर 'शोलापूर' म्हणून नोंदलेले असते. नेमके तिथेच पहिले पाऊल अडते. महाविद्यालयाचे शिफारसपत्र आणि ओळखपत्र न्यावे. शाईचे पेन नको, पेन्सिलच हवी. मागणीपत्रावर खाते, वर्ष आणि फाइल क्रमांक लागतो. 'चार हुतात्म्यांचे (त्या प्रकरणी फाशी गेलेल्या चौघांचे) कागद द्या' म्हटल्यावर कर्मचारी तरी काय काढून देणार?

फोटोची परवानगी मिळाली तर आधी फाइलच्या मुखपृष्ठाचा फोटो घ्यावा, मग पाने. हे चुकले की घरी आल्यावर कोणते पान कुठल्या फाइलचे ते कळत नाही आणि तळटीप देता येत नाही.

मराठी दप्तरात खरी अडचण मोडीची. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते. त्यातच फसली सन, म्हणजे महसुली कालगणना! दख्खनी फसली मृगापासून सुरू होतो. इसवी सन काढण्यासाठी त्यात जून ते डिसेंबरसाठी ५९० आणि जानेवारी ते मेसाठी ५९१ मिळवावे. मे १९३० म्हणजे फसली १३३९, १३४० नव्हे.

महाविद्यालयांनी विषय मंजूर करण्याआधी महिनाभर मोडीचा वर्ग घ्यावा. उलट क्रमाने विद्यार्थी फक्त छापील पुस्तके उतरवतात, आणि तेच मूल्यमापनात खपूनही जाते.

— इतिहासाचे एक अध्यापक, सोलापूर