पावसाचं चिन्ह नाही, तरी छत्री

संपादक महोदय,

मे महिन्यात छत्री उघडून निघाले की शेजारच्या काकू हमखास विचारतात, "पाऊस कुठंय गं?" मला आठ वर्षांपासून ल्युपस आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. उन्हातले अतिनील किरण लागले की गालांवर लाल चट्टे उठतात, सांधे धरतात आणि दोन दिवस अंथरूण. (संसर्गजन्य नाही, हे लिफ्टमध्ये सरकून उभं राहणाऱ्यांसाठी.)

म्हणून उन्हाळा सोडायचा? छे! पहाटे सहाला शिवाजी पार्कला दोन फेऱ्या, सूर्य बुडाल्यावर चौपाटीवर कुल्फी. साबुदाण्याच्या पापड्या स्वयंपाकघरात बसून मी घालते, गच्चीवर वाळत ठेवायला जाऊबाई. हापूसची आढी तर पलंगाखालीच, तिथे ऊन येतं कुठं!

बसच्या काचेतूनही हे किरण बरेचसे आत येतात. त्यामुळे सकाळी दादरहून फोर्टला जाताना मी उजवीकडे बसते आणि संध्याकाळी परततानाही उजवीकडेच. दोन्ही वेळा ऊन डावीकडे! दर दोन तासांनी सनस्क्रीनही लावते.

अडतं ते बस येईपर्यंत. आमच्या थांब्याचं छप्पर दुरुस्तीसाठी म्हणून काढलं, ते दिवाळीपासून आलेलंच नाही. सध्या मी आणि दोन आजीबाई विजेच्या खांबाच्या वीतभर सावलीत एकामागे एक रांग लावतो. सावली सरकली की रांगही सरकते. संबंधितांनी एकदा दुपारी एक वाजता येऊन आमच्या मागे उभं राहावं.

– एक वाचक, दादर