इंजेक्शन न देणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

आभार मानायचे आहेत ते इंजेक्शन दिल्याबद्दल नाही, त्या दिवशी न दिल्याबद्दल.

मे महिना, नागपूरचं 45 अंशांचं ऊन. माझ्या सोरायसिसवरच्या, म्हणजे चामडीच्या रोगावरच्या, अ‍ॅडालिमुमॅब या इंजेक्शनचं खोकं बर्फाच्या डब्यात घालून महालातून धंतोलीला आणलं होतं. पैसे उसने घेतलेले. तुम्ही दंड धरलात आणि थांबलात. "अंग तापलंय ना भाऊ तुमचं? मग आज नाही."

मी हटून बसलो. एवढं महागाचं औषध, घरी रोज लाइट जाते, परत नेऊ कसं? तुम्ही वाद घातला नाहीत. खोक्याला चिकटपट्टी लावली, तिच्यावर बॉलपेनने माझं नाव लिहिलं, आणि तुमच्या फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवलं. दारात नाही, तिथं थंडावा टिकत नाही. फ्रीझरला लागूनही नाही, गोठलं की फेकायचंच. 2 ते 8 अंश, बस. "ताप उतरला की या. हे कुठं पळून जात नाही."

सोरायसिसच्या इतक्या वर्षांत माझ्या वस्तूवर माझं नाव लिहून कुणी जपून ठेवली नव्हती. लग्नाच्या पंगतीत माझं ताट बाजूला लागायचं. हा रोग लागत नाही, हे सांगून थकलो.

आधीच्या एका दवाखान्यात स्टेरॉइडच्या गोळ्या मिळाल्या. अंग झटक्यात साफ, आणि गोळ्या थांबताच चट्टे दुपटीने उसळले. दुसरीकडे हेच बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेलं हे इंजेक्शन, 'आजच घेऊन टाका, स्कीम संपतेय' म्हणून गळ्यात मारत होते. ना छातीचा एक्स-रे, ना टीबीची तपासणी, ना हिपॅटायटिसची. तुमच्याकडे तपासलं तर माझ्यात झोपलेला टीबी निघाला! ही सुई शरीरातल्या ज्या टीएनएफ नावाच्या प्रथिनाला अडवते, तोच टीबीच्या जंतूंना कोंडून धरतो म्हणे. म्हणून आधी महिनाभर टीबीच्या गोळ्या, मग सुई. तेव्हा चिडलो होतो, आता अंगावर काटा येतो.

आता कोपरं जवळजवळ कोरी आहेत. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून सीताबर्डीत फिरतो. पगार सगळेच घेतात, बाप्पा, पण दुसऱ्याच्या औषधाची स्वतःच्या वस्तूसारखी काळजी किती जण करतात?

पुढच्या डोसला संत्री घेऊन येतो. त्या फ्रिजमध्ये तुम्ही ती ठेवू देणार नाही, ठाऊक आहे.

तुमचा,
महालातला एक पेशंट